दहा सेकंदांनंतर उरलेले दूध

१

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी घड्याळजी गेले, तेव्हा त्यांची हनुवटी धाकटीच्या तळहातावर टेकलेली होती.

शुश्रूषागृहातल्या सेविकांमध्ये ती वयाने सर्वांत लहान, म्हणून धाकटी. घड्याळजींना अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. हातपाय थोडेफार परतले, घसा परतला नाही. पातळ घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका होता, म्हणून त्यांना पाणीसुद्धा पूड घालून, दाट करून द्यायचे. दाट पदार्थ सावकाश उतरतो आणि मंदावलेल्या घशाला आतले दार लावून घ्यायला सवड मिळते. पातळ पदार्थ कोणासाठी थांबत नाही.

त्या सकाळी साडेदहाला धाकटीने भांडेभर कोमट दूध केले, मोजून पूड घातली, घुसळले आणि दोन पेले भरले. एक शेजारच्या खोलीतल्या हेडबाईंना. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, घशाने घड्याळजींच्याच पंगतीतल्या. दुसरा घड्याळजींना. त्यांची लेक तेव्हा उशाशी होती. धाकटीने सात-आठ चमचे भरवले आणि एवढ्यात शुश्रूषागृह चालवणाऱ्या मुख्यबाईंचे बोलावणे आले. तिने पेला झाकून कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवला. परत आली तेव्हा लेक निघून गेली होती. धाकटीने झाकण काढून पेला घड्याळजींच्या ओठांना लावला. दोन घोट. मग एक खोकला, तोही अर्धाच. मग ओठ निळे.

डॉक्टर धावत आले, करायचे ते सगळे त्यांनी केले आणि शेवटी हात धुतले. त्यानंतर त्यांनी पेला उचलून तिरपा केला. आतले दूध काचेवरून पाण्यासारखे पळाले. मागे ओघळसुद्धा राहिला नाही.

"धाकटे," मुख्यबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "पूड घालायची विसरलीस ना, बाळा?"

मुख्यबाईंचा आवाज नेहमीच मऊ असे. बावीस वर्षे त्यांनी ते घर आरशासारखे ठेवले होते. प्रत्येक मजल्यावर एका मापाचे, एका रंगाचे, लेबले एका रेषेत असलेले पंधरा डबे होते. त्या मजल्यावर त्यांतल्या जिनसांची गरज असो वा नसो, डबे पंधराच. बाजारातले पाकीट फळीवर दिसले की त्यांना अंगावर झुरळ पडल्यासारखे होई. सामान आले की त्या ते स्वतः डब्यांत ओतत आणि पाकिटे त्याच घटकेला कचऱ्यात जात. धाकटीला त्या सकाळी बोलावले होते तेही डब्यांवरची लेबले सरळ करायला. जगात अव्यवस्थेने फार माणसे मरतात, असे सगळेच सांगतात. व्यवस्थेने किती मरतात, याची नोंद ठेवायला कोणी बसलेले नाही.

धाकटी "नाही" म्हणाली. पण हाताला सरावलेल्या कामाची आठवण डोक्यात राहत नाही. रोज कडी लावणारा माणूस आज कडी लावली की नाही, हे शपथेवर सांगू शकत नाही. संध्याकाळपर्यंत सगळे घर तिच्याकडे पाहून बोलायचे थांबू लागले. शनिवारी चार वाजता डॉक्टर सगळ्यांसमक्ष चौकशी करतील, मग कागद पोलिसांकडे जातील आणि तोवर तिने घरी बसावे, असे ठरले. पोलिसांची भीती तिला होतीच. पण त्याहून मोठी भीती पोटात होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. खरेच विसरले असेन तर?

२

धाकटी मावशीकडे राहत असे. मावशी रंगाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत सव्वीस वर्षे काम करीत होती. तळाला भोक असलेल्या पेल्यात रंग ओतायचा, तो किती सेकंदांत गळतो ते मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे तिचे आयुष्य. परिणामी तिच्यासमोर कोणी "रंग जरा दाट वाटतोय" म्हटले की तिला शिवी ऐकल्यासारखे होई.

भाची रडून संपेपर्यंत ती थांबली. मग तिने विचारले, "पातळ म्हणजे किती पातळ?"

"पाण्यासारखं."

"कोणी मोजलं?"

कोणीच मोजले नव्हते. माणूस मेला होता, मुलगी दोषी ठरली होती, आणि ज्या एका गोष्टीवर हे सगळे उभे होते ती डोळ्यांनी पाहून, मान हलवून मान्य झाली होती. मावशी मोरीकडे वळली. तिला राग आला की ती भांडी घासते. तिने चार स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

मग औषधांच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सिरिंज आणवली. दट्ट्या काढून टाकला, तोंडाशी बोट दाबले, दहाच्या रेघेपर्यंत पाणी भरले आणि बोट सोडून दहा सेकंद मोजले. पाणी सात सेकंदांतच संपले. गोडेतेल थोडे उरले. मधाचा एक थेंब तोंडाशी लोंबला आणि दहा सेकंद तिथेच विचार करीत राहिला. "जे उरतं तो दाटपणा," मावशी म्हणाली. "बाकी सगळी मतं." घड्याळजींसाठी किती उरायला हवे, हे धाकटीला ठाऊक होते. सहा मिलिलिटर. शिकवणीत तिला हीच चाचणी दाखवली होती, पण घरात कोणी ती करीत नसे. मुख्यबाईंच्या मते सिरिंजा ओट्यावर पसरलेल्या बऱ्या दिसत नाहीत.

शुश्रूषागृहातली पूड घरी नव्हती, म्हणून मावशीने कॉर्नफ्लोर घालून दूध शिजवले, कोमट होऊ दिले आणि ते सहावर आणले. मग त्यात पाणी घालत गेली. पेलाभर दुधाचे सिरिंजमध्ये काहीच उरू नये इतके ते पातळ व्हायला जवळजवळ आणखी एक पेला पाणी लागले.

"घड्याळजींचा पेला तू ठेवून गेलीस तेव्हा किती भरला होता?"

सात-आठ चमचे कमी. परत आल्यावरही दूध पेल्यावरच्या वाळलेल्या कडेशी बरोबर जुळत होते. म्हणजे पाणी कोणी घातले नव्हते. घालायला जागाच नव्हती. आणि पूड विसरावी तर त्याच भांड्यातले दूध हेडबाई प्यायल्या होत्या आणि त्यांना ठसकासुद्धा लागला नव्हता.

"म्हणजे तू विसरली नाहीस," मावशी म्हणाली. "आता खा. सकाळपासून तोंडात काही नाही तुझ्या."

उरलेल्या दुधात साखर घालून वाटी तिच्यापुढे आली. धाकटीने निम्मी खाल्ली, मग हात थांबला, मग ती पुन्हा बोलू लागली. त्या सकाळचे प्रत्येक पाऊल तिने दोनदा सांगितले. पाव तास गेला. मावशी वाटी उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

वाटीतले दूध हलत होते. चमच्याभोवती ते पाण्यासारखे सुटले होते.

मावशीने ते सिरिंजमध्ये भरले आणि बोट सोडले. दहा सेकंदांनंतर काही उरले नाही. पातेल्यातले, ज्याला चमचा लागला नव्हता, ते मोजले. सहा.

"आई आम्हाला कस्टर्डच्या भांड्यात उष्टा चमचा घालू द्यायची नाही," मावशी हळूच म्हणाली. "पातळ होतं म्हणायची. मला वाटायचं, उगाच धाक."

धाकटीने चमच्याकडे पाहिले. त्या सकाळी असाच एक चमचा घड्याळजींच्या तोंडातून पेल्यात आणि पेल्यातून तोंडात सात-आठ वेळा गेला होता. तो तिच्या हातात होता. मग तिने तो पेल्यातच ठेवून, झाकण घालून, ऊब राहावी म्हणून कोमट पाण्यात ठेवला होता.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

मावशीने तिला खोटा धीर दिला नाही. तिने फक्त एक प्रश्न विचारला: असे उष्ट्या चमच्याने भरवणे, पेला ठेवून जाणे, परत येऊन उरलेले देणे, हे त्या दिवशी पहिल्यांदा घडले का?

नाही. आठ महिने रोज घडत होते.

३

शनिवारी अकरा वाजता मावशी रजा टाकून धाकटीला घेऊन शुश्रूषागृहात आली. डॉक्टर थकलेले, पण सरळ गृहस्थ होते. घड्याळजींचा पेला त्यांनी त्याच दिवशी चिकटपट्टी लावून फ्रिजमध्ये ठेवला होता. मोजायला त्यांची हरकत नव्हती. "मोजा, बाई," ते म्हणाले, "मलाही झोप नाही." पेल्यातले दूध कोमट करून त्यांच्यासमोर मोजले गेले. शून्य.

घड्याळजींची लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. तक्रार तिचीच होती. धाकटी दिसताच तिने तोंड फिरवले, पण मावशीच्या प्रश्नांना ती उत्तरे देत गेली. ती रोज यायची. त्या दिवशीही धाकटी गेल्यावर ती पाच मिनिटे बसली होती. पेल्याला हात लावला का, हेही मावशीने विचारले. ती म्हणाली की हो, दूध फार गरम तर नाही ना, म्हणून त्याच चमच्याने चाखून पाहिले आणि ढवळून ठेवले. रोज चाखायची.

"लोकांच्या हातचं खाऊन बाबा जगत होते," ती धाकटीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "चाखून बघू नको तर काय करू? मी मुलगी आहे त्यांची, पगारी नाही."

धाकटीला ते लागले. पण लागण्याहून तिला भलतीच भीती वाटली. म्हणजे तो चमचा दोन तोंडांत गेला होता. मावशी हे आता हिला सांगणार का? मावशीने सांगितले नाही. ती मान डोलावून भटारखान्याकडे वळली.

तिथे मुख्यबाईंनी पुडीचा डबा स्वतः काढून दिला. झाकण पुसून दिले. मावशीने त्यातल्या पुडीचे कोमट दूध केले, दोन कपांत ओतले, एका कपात स्वच्छ चमचा फिरवला आणि दुसऱ्यात स्वतःच्या तोंडात घोळवलेला. दोन्ही कप कोमट पाण्यात ठेवून सगळे घड्याळाकडे पाहत उभे राहिले. डॉक्टर, मुख्यबाई आणि भिंतीला पाठ लावलेली धाकटी. दहा मिनिटे. वीस मिनिटे.

स्वच्छ चमच्याचा कप: सहा.

उष्ट्या चमच्याचा कप: सहा.

मावशीने पुन्हा मोजले. पुन्हा सहा. दूध जसेच्या तसे दाट होते.

"तुमची कल्पना छान होती," मुख्यबाई म्हणाल्या आणि त्यांनी ओट्यावर सांडलेला थेंब फडक्याने टिपला. "पण पूड आहे ही, जादू नव्हे. घातली की दूध दाट होतं. नाही घातली की नाही होत."

डॉक्टरांनी डोळे चोळले. चार वाजता भेटू, असे म्हणून ते गेले.

धाकटी भिंतीलाच टेकून खाली बसली. घरच्या वाटीत जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते इथे खोटे ठरले होते. मग उरले काय? पाणी नाही, लाळ नाही. पूड घातलीच नाही, एवढेच. हेडबाईंचा पेला आधी भरला असेल आणि... आणि काय? तिला आठवेना. विचार करू लागली की आठवण विचाराच्या आकाराची होई.

मावशी डब्याचे झाकण उलटे धरून बराच वेळ उजेडात पाहत होती. "प्रयोग फसला नाही," ती म्हणाली. "त्यानं उत्तर दिलंय. प्रश्न दुसराच होता."

४

हेडबाईंना शुक्रवारी वरच्या मजल्यावर हलवले होते. शेजारच्या खोलीतला मृत्यू त्यांना सोसला नव्हता, म्हणून डॉक्टरांनीच तसे सांगितले होते. झटक्याने त्यांची वाचा गेली होती. अक्षर मात्र गेले नव्हते. मांडीवरच्या पाटीवर त्या उजव्या हाताने लिहीत आणि दुसऱ्याचे शुद्धलेखनही त्याच पाटीवर सुधारीत.

चार वाजायला वीस मिनिटे असताना मावशी आणि धाकटी त्यांच्या खाटेशी बसल्या. वरच्या मजल्याची सेविका त्यांना दुधाचे चमचे भरवत होती. हेडबाईंनी हाताने तिला थांबवले. धाकटीला पाहून त्यांचा चांगला डोळा ओला झाला. मावशीने विचारले की बुधवारचे दूध कसे होते. हेडबाईंनी लिहिले:

दाट. पण रवाळ.

नेहमीच रवाळ असते का, मावशीने विचारले.

सोमवारपासून. गुरुवारी परत गुळगुळीत.

मावशी पाटीकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते समाधान नव्हते. कारखान्यात रंगाचा एखादा घाणा बिघडल्याचे आकडे दिसल्यावर ती अशी दिसत असावी. ती उठली. खाली चौकशीची घंटा झाली होती. हेडबाईंचा खडू अजून चालतच होता, पण मावशीने धाकटीला दंड धरून उठवले. दारातून वळून पाहताना धाकटीला तिसऱ्या ओळीतले दोनच शब्द दिसले. कालपासून पुन्हा.

चौकशी भोजनाच्या खोलीत होती. लेक एका टोकाला बसली, मुख्यबाई दुसऱ्या. मुख्यबाईंनी शांतपणे सांगितले की मुलगी वाईट नाही, विसराळू आहे. वयच असे असते. आपल्याला तिच्याबद्दल वाईट वाटते. इतक्या दयाळूपणे आजवर कोणी कोणाला खड्ड्यात ढकलले नसेल. वरच्या मजल्याच्या सेविकेलाही बोलवा, धाकटीच्या विसराळूपणाचे एक-दोन प्रसंग तिला ठाऊक आहेत, असेही त्यांनी सुचवले. डॉक्टरांनी निरोप पाठवला.

मग मावशी उभी राहिली. ती हळू आणि मोजून बोलली. दूध दाट करायच्या पुडी दोन जातींच्या असतात, एक डिंकाची आणि एक स्टार्चची. तिच्या कारखान्यात रंग दाट करण्यासाठी दोन्ही वापरून झाल्या आहेत. डिंकाचे लाळ काही बिघडवत नाही. स्टार्चला मात्र लाळ खाते, आणि दूध कोमट असले तर भराभर खाते. घड्याळजींना आठ महिने उष्ट्या चमच्याने भरवले तरी काही झाले नाही, कारण डब्यात डिंक होता. आज दुपारी प्रयोग झाला त्या डब्यातही डिंकच आहे. पण सोमवार ते बुधवार त्याच डब्यातल्या पुडीचे दूध रवाळ लागत होते, आणि स्टार्चच तसे लागते. सोमवारी आणि मंगळवारी पेला थोडाच वेळ थांबला म्हणून निभावले; बुधवारी लेबलांपायी तो जास्त वेळ थांबला.

"डबा दोनदा बदलला," ती म्हणाली. "एकदा घड्याळजी जायच्या आधी. एकदा नंतर."

मुख्यबाई हसल्या. एका आजारी बाईच्या जिभेवरून एवढे अनुमान?

मावशीने डब्याचे झाकण मेजावर उलटे ठेवले. बाहेरून ते आरशासारखे होते. आत काठाच्या खाचेत जुन्या पुडीचा बारीक थर बसला होता. झाकण पुसणाऱ्याचा हात आतल्या खाचेत जात नाही. तिने डॉक्टरांकडून जखमेवर लावायचे आयोडिन मागून घेतले. डब्यातली चिमूटभर पूड बशीत घेऊन तिच्यावर एक थेंब टाकला. तो तपकिरीच राहिला. मग खाचेतली पूड टाचणीने कोरून तिच्यावर दुसरा थेंब टाकला.

तो शाईसारखा निळाकाळा झाला.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. आयोडिनने स्टार्च निळाकाळा होतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. कोठाराची किल्ली एकाच कमरेला असते, हेही घरात सर्वांना ठाऊक होते.

"सोमवारी नवीन पाकीट आलं," मावशी मुख्यबाईंना म्हणाली. "वेगळ्या जातीचं. तुम्ही ते डब्यांत ओतलंत आणि पाकीट फेकलंत. लगेच प्या, उष्टा चमचा घालू नका, हे त्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते त्याच्याबरोबर गेलं. सोमवारी तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी मान्य करते. बुधवारी डबा का रिकामा केलात?"

मुख्यबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडले, तेवढ्यात दार वाजले. वरच्या मजल्याची सेविका पदराला हात पुसत आत आली. हेडबाईंचा पेला अर्धा ठेवून आलेय, ती म्हणाली, निवू नये म्हणून कोमट पाण्यात ठेवलाय, तेव्हा काय विचारायचं ते लवकर विचारा.

धाकटीला खोली दूर गेल्यासारखी वाटली.

पाटीवरची तिसरी ओळ. कालपासून पुन्हा. काल हेडबाई वरच्या मजल्यावर गेल्या. कालपासून पुन्हा रवाळ. आणि प्रत्येक मजल्यावर पंधरा डबे असतात, गरज असो वा नसो, सगळे एकाच पाकिटातून भरलेले. मावशी "डब्यांत" म्हणाली होती. खालचा रिकामा केला गेला होता. वरचा डबा सेविकांच्या बैठकीसमोरच्या फळीवर असतो. तिथे दिवसरात्र कोणी ना कोणी बसलेले असते. कोणाच्या नजरेस न पडता तो रिकामा करता येत नाही.

तिने मुख्यबाईंकडे पाहिले. त्यांची नजर मेजावर नव्हती. छताकडे होती.

५

धाकटी जिना कसा चढली ते तिला नंतर आठवले नाही. एवढेच आठवले की वळणावर पाय सटकला, गुडघा फुटला आणि ती चार पायांवर पुढच्या दोन पायऱ्या चढली. हेडबाईंचा उजवा हात चांगला होता. चमच्याची वाट पाहायची त्यांना सवय नव्हती. कोणी भरवायला नसले की त्या पेला स्वतः उचलीत आणि त्याबद्दल रोज बोलणी खात.

दारातून तिने पाहिले. झाकण पलंगावर पडले होते. पेला ओठांपाशी होता.

"बाई, नको," ती म्हणाली. तिने दोन ढांगांत जाऊन मनगट धरले. दूध हेडबाईंच्या हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून चादरीवर पळाले. चादरीने ते पाण्यासारखे पिऊन टाकले. हेडबाईंनी संतापून चांगल्या हाताने तिला एक चापट मारली. धाकटीने ती खाल्ली आणि मनगट सोडले नाही. हेडबाईंच्या घशातून घरघर येते का, ओठ निळे पडतात का, हे ती इतक्या जवळून पाहत होती की दोघींचे श्वास एकमेकींच्या तोंडावर येत होते.

घरघर आली नाही. घोट अजून घेतला गेला नव्हता.

मागोमाग मावशी आणि डॉक्टर आले. पेल्यात तळाशी दूध उरले होते. मावशीने सिरिंज काढली. या वेळी बोट डॉक्टरांनी लावले. दहाच्या रेघेपर्यंत दूध भरले, बोट सोडले.

आठ सेकंदांत सिरिंज रिकामी झाली.

हेडबाईंनी तिघांच्या तोंडांकडे पाहिले, मग सिरिंजेकडे, आणि मारलेला हात हळूहळू धाकटीच्या डोक्यावर ठेवला.

मुख्यबाई दारात येऊन उभ्या होत्या. लेक त्यांच्या मागे.

"तुम्हाला वरच्या डब्याचं ठाऊक होतं," डॉक्टर म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

मुख्यबाईंनी उंबऱ्याशी वाकडे झालेले पायपुसणे पायाने सरळ केले. मग त्या बोलू लागल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ नव्हता. पाकीट सारखेच दिसत होते. कोणालाही झाले असते. बुधवारी दुपारी कचऱ्यातून पाकीट काढून त्यांनी वाचले, तेव्हा माणूस गेलेलाच होता. तो परत येणार नव्हता. बावीस वर्षांत या घरावर एक डाग नाही. मुलगी तरुण आहे, दुसरीकडे काम मिळाले असते. वर दूध दाट करून लागणारे कोणी नव्हतेच; हेडबाईंना डॉक्टरांनी हलवले, आपण नव्हे. एक-दोन दिवसांत संधी मिळताच तो डबाही त्या बदलणार होत्या.

"एक-दोन दिवसांत," मावशी म्हणाली.

"अहवालात अनवधान लिहावं लागेल," डॉक्टर कोणाकडेही न पाहता म्हणाले. सरळ माणसांनाही सौम्य शब्दाचा मोह होतो.

"सोमवारचं अनवधान लिहा," मावशी म्हणाली. "बुधवारनंतरच्या तीन दिवसांना दुसरा शब्द शोधा. नाही सापडला तर मी देते."

डॉक्टरांनी मान खाली घातली. पोलिसांना आत्ताच फोन करतो, असे ते म्हणाले आणि मुख्यबाईंना घेऊन खाली गेले. मुख्यबाई कमरेची किल्ली काढून ठेवायला विसरल्या. डॉक्टरांना ती मागावी लागली.

लेक तिथेच राहिली. तिला एक गोष्ट कळली होती आणि ती बोलून दाखवल्यावाचून तिला जाता येत नव्हते. ती म्हणाली, "मी चाखलं होतं. त्याच चमच्यानं. ढवळलंही मीच."

मावशी यावर काहीतरी शास्त्र सांगेल म्हणून धाकटी थांबली. मावशीने सांगितले नाही. काही गोष्टी मोजता येत नाहीत, हे मोजण्यात आयुष्य घालवलेल्या तिला पक्के ठाऊक होते.

"तो चमचा माझ्या हातातून तुमच्या हातात गेला होता," धाकटी म्हणाली. "शेवटचे दोन घोट मी दिले. आठ महिने आपण दोघी असंच करत होतो, ताई, आणि ते जगत होते. दूध आपण बदललं नाही."

लेकीने तिच्याकडे पाहिले. बाकावरची नजर आता तिच्या डोळ्यांत नव्हती. क्षमा नव्हती, एकाच दारातून बाहेर पडलेल्या दोन माणसांत असते तसले काहीतरी होते. ती पलंगाच्या कडेला बसली आणि हेडबाईंची भिजलेली चादर काढू लागली.

हेडबाईंनी पाटी ओढली. भूक लागली आहे, त्यांनी लिहिले, आणि खाली रेघ मारली.

खालच्या डब्यातली पूड आणली गेली. दूध धाकटीनेच केले, कारण हेडबाई दुसऱ्या कोणाकडे बघेनात. तिने ते मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहा. लहान वाटीत थोडेसेच काढले, धुतलेला चमचा घेतला आणि मग तिचा हात हवेत थांबला. आकडा बरोबर होता, पूड बरोबर होती, चमचा स्वच्छ होता, आणि तरीही तिला तो हात पुढे नेता येईना. उभे आयुष्य आपण असेच थांबून राहू, असे तिला वाटले.

हेडबाईंनी तोंड उघडले आणि उघडेच ठेवले.

तिने चमचा आत दिला. सगळे गळ्याकडे पाहत होते. घाटी वर गेली, तिथे थोडी रेंगाळली आणि खाली आली. खोकला आला नाही.

धाकटीने दुसरा स्वच्छ चमचा मागितला आणि तो भरला.